बाबांच्या डोळ्यांतलं पांढरं

रंग खरा दाखवणं हा माझा धंदा आहे. कलाबिला काही नाही. ऑनलाइन साड्या विकणारे व्यापारी माझ्याकडे गठ्ठे पाठवतात, मी फोटो काढून देतो. साडी हातात पडल्यावर एखाद्या बाईनं 'फोटोत मोरपंखी होती, आली हिरवी' अशी बोंब मारू नये, एवढीच माझ्याकडून अपेक्षा असते. नातेवाईक अजून विचारतात की तू नेमकं काय करतोस. मी सांगतो, साड्यांचे पासपोर्ट फोटो काढतो.

आमचं घर नागपुरातल्या जुन्या विणकर वस्तीत आहे. समोरच्या खोलीत आजोबांचा माग होता. बाबा मागावर कधी बसले नाहीत. ते एसटीत ड्रायव्हर झाले आणि आजोबांच्या पश्चात त्यांनी मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली. त्याच जागी मी माझं टेबल मांडलंय. विणायला उजेड लागतो म्हणून त्या खोलीला मोठी खिडकी ठेवलेली होती, ती मला आयतीच मिळाली.

कॅमेऱ्यात फोटो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तयार फोटो. रंग, उजेड सगळं कॅमेऱ्यानंच ठरवून टाकलेलं, म्हणजे तव्यावरून उतरलेली पोळी. तिची आता पुरी होणार नाही. दुसरी रॉ फाइल, म्हणजे भिजवलेली कणीक. कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळं तिच्यात असतं आणि त्याचं काय करायचं ते आपण नंतर कॉम्प्युटरवर बसून ठरवतो. पण ठरवायचं कशाच्या आधारावर? त्यासाठी ग्रे कार्ड असतं. वहीच्या अर्ध्या पानाएवढं, करड्या रंगाचं. साडीशेजारी ते धरून फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर त्या कार्डावर क्लिक करून सांगायचं की हे करडं आहे, यात दुसरा कुठलाही रंग नाही. मग कार्डावर जेवढा पिवळेपणा किंवा निळेपणा दिसत असेल तेवढा सगळ्या फोटोतून वजा होतो आणि साडी आपल्या खऱ्या रंगावर येते. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो, कारण डोळे सवय करून घेतात. कार्ड सवय करून घेत नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की बायको आता पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणते.

त्या हिवाळ्यात बाबांना ज्येष्ठांच्या पाससाठी फोटो हवा होता. "जिंदगीभर एसटी चालवली अन् आता तिच्यातच बसाले पास पायजे म्हणते," असं पुटपुटत ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. मी सवयीनं कार्ड त्यांच्या हातात दिलं, दोन-चार फोटो काढले आणि फाइल उघडली. बाबा पिवळे दिसत होते. मागे मोहरीच्या फुलासारखी पिवळी साडी टांगलेली होती, तिचा उजेड चेहऱ्यावर पडला असणार. मी कार्डावर क्लिक केलं. कार्ड करडं झालं, सदरा पांढरा झाला, भिंत जशी होती तशी झाली. बाबांचे डोळे मात्र पिवळेच राहिले.

मी साडी काढून ठेवली आणि पुन्हा फोटो काढला. तेच. ट्यूबलाइट बंद केली, पुन्हा काढला, तेच. बाबा म्हणाले, "काहून गा, थोबाड पसंत नाई आलं का?" मी हसलो. फोटो मोठा करून पाहिला तर डोळ्यांतलं सगळं पांढरं पिकल्या लिंबासारखं झालं होतं. आई पंधरवड्यापासून सांगत होती, "जेवत नाईत, रातभर आंग खाजवून राहिले," आणि मी तिला म्हणत होतो की थंडीनं कातडी कोरडी पडते, खोबरेल लाव. त्यांच्या समोर बसून मी रोज जेवत होतो. मला दिसलं नव्हतं, कारण डोळे सवय करून घेतात.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून कागदावर चित्र काढलं. पित्ताची नळी, तिच्या शेजारी गाठ, गाठीनं नळी दाबलेली, म्हणून ही कावीळ. ते म्हणाले, "आधी आत एक बारीक नळी टाकून पित्ताला वाट करून देऊ. कावीळ उतरली तर ऑपरेशन करता येईल. ऑपरेशन झालं तर आशा आहे."

"आणि नाही उतरली तर?"

"आधी उतरू तर द्या," ते म्हणाले, आणि चित्राचा कागद घडी करून मला दिला.

नळी टाकली आणि बाबा घरी आले. पुन्हा रक्त तपासायचं ते थेट पुढच्या भेटीला. मधल्या त्या दिवसांत आमच्या घरात एकच गोष्ट उरली होती, बाबांचा पिवळेपणा. उतरतोय का? जो तो टक लावून बघायचा आणि बघत नसल्याचं दाखवायचा. बाबांची तर जन्माची सवय. ते म्हणायचे, आरशात पाह्यल्याबिगर गाडी हलवायची नाई. ते सारखे ओसरीतल्या दाढीच्या आरशापुढे उभे राहून डोळ्याखालची कातडी ओढून बघू लागले. एकदा तसं बघून ते दिवसभर जेवले नाहीत, आणि ते जेवले नाहीत म्हणून आईही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आरसा जागेवर नव्हता. आई म्हणाली, फुटला. मला तो कपाटामागे गोधडीत गुंडाळलेला सापडला. मी तसाच ठेवला.

आत्यानं पारशिवनीकडच्या एका गृहस्थांना घरी आणलं. ते कावीळ उतरवतात म्हणे. त्यांनी बाबांच्या हातांना कसलासा रस चोळला, चुन्याच्या निवळीत हात धुतले, आणि पाणी पिवळं झालं. आई ते पाणी बघून हात जोडून उभी राहिली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात पुढे केले आणि म्हटलं, आता माझे धुवून दाखवा, बघू माझी किती उतरते. ते शांतपणे म्हणाले, "ज्याले नाई, त्याची निंगत नाई." आत्या रुसून गेली. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी शिकलेला माणूस होतो आणि माझ्याकडे कार्ड होतं.

होय, मी रोज फोटो काढू लागलो होतो. तीच खिडकी, तेच स्टूल, तोच पांढरा सदरा, सकाळचा तोच उजेड. बाबांच्या गालाशेजारी कार्ड धरायला आई. तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कार्ड स्वच्छ लागतं, आई. धूळ नको, डाग नको. नाहीतर सगळं चुकतं." तिनं ते देवाच्या मूर्तीसारखं हातात घेतलं. बायको मिहानमधल्या कंपनीत जाते, सकाळी कंपनीची बस असते, त्यामुळे तिचा डबा आईच करते. भाजी फोडणीला टाकून, पोळ्या उरकून आई धावत समोरच्या खोलीत यायची, कार्ड पदरानं नीट पुसायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा पुसायची आणि मग धरायची. फाइल उघडल्यावर मी कार्डावर क्लिक करायचो. बाकी कशालाही हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. मला सुंदर फोटो नको होता, खरा हवा होता.

आणि बाबा बरे होऊ लागले. पहिला फोटो आणि चौथा फोटो शेजारी ठेवले तर फरक दिसत होता. आठवड्यानंतर तर आईलासुद्धा चष्म्याशिवाय दिसला. लिंबाचा रंग जाऊन डोळ्यांत सायीचा रंग आला. मी रोजचे फोटो ओळीनं लावून मोबाइलवर घ्यायचो आणि बाबांना दाखवायचो. "दाखव बरं आजचा," म्हणून ते चहाच्या आधी हात पुढे करायचे. आरसा नव्हताच. ते फोटो बोटांनी मोठा करायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "उतरून राहिली गा." त्या दिवशी मग ते थोडा मऊ भात खायचे. ते खायचे तेव्हा आई खायची.

एक-दोन गोष्टी मला खटकायला हव्या होत्या. फोटोत बाबांचा सदरा जरा निळसर दिसायचा. पण आई पांढऱ्या कपड्यांना नीळ देते. जास्त पडली असेल असं मी ठरवलं. बायको एकदा संध्याकाळी आली, बाबांकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मले तं तसेच दिसून राहिले. उलट जास्तच." मी तिच्यावर खेकसलो. ट्यूबलाइटमध्ये रंग कळतो का? तू दिवसभर घरात असतेस का? माझ्याकडे रोजचं मोजमाप आहे, तुझ्याकडे काय आहे? ती डबा घासायला लागली. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. कुणी नाही म्हटलं की तो माणूस मला बाबांच्या जिवावर उठल्यासारखा वाटायचा.

भेटीच्या दिवशी बाबांनी स्वतःहून कडक इस्त्रीचा सदरा घातला. आईनं डॉक्टरांसाठी संत्री बांधून दिली. सकाळी सोनोग्राफी झाली, रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला. बाबांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. रक्तातल्या काविळीचा आकडा खाली यायचा तर चांगलाच वर गेला होता.

मी म्हटलं, रिपोर्ट चुकला आहे. नमुना बदलला असेल. मी मोबाइल काढून ओळीनं लावलेले फोटो त्यांच्यासमोर धरले. एकच खिडकी, एकच उजेड, कार्ड लावून काढलेले आहेत, मी हेच काम करतो, साहेब. माझा आवाज चढला होता. त्यांनी सगळे फोटो खरंच बघितले, मधेच थांबवलं नाही. मग बाबांना आत बोलावलं, खिडकीशी उभं केलं, अंगठ्यानं पापणी खाली ओढली आणि मला म्हणाले, "इकडे या. बघा."

मी बघितलं. मला दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

बाबांना पुन्हा बाहेर बसवल्यावर त्यांनी सांगितलं की गाठ पसरली आहे. ऑपरेशनचा विचार आता सोडा. पुढच्या आठवड्यात या, नळी बदलून बघू, निदान खाज कमी होईल. मी मान हलवत होतो. संत्र्यांची पिशवी माझ्याच हातात राहिली. घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "ऑपरेशन कवा म्हणते?" मी म्हणालो, आधी नळी बदलायची आहे, मग ठरवू म्हणतात. ती म्हणाली, "फोटूत तं चांगलंच उतरलं हाये ना?" मी म्हणालो, हो.

दुसऱ्याच दिवशी एका साडीवाल्याचा फोन आला. माल परत येतोय, तुमच्या सगळ्या फोटोंत निळी झाक आहे, गेल्या महिन्यापर्यंत नव्हती. एरवी मी भांडलो असतो. तेव्हा अंगात भांडायचं त्राण नव्हतं. कपाटात नवं कार्ड पाकिटात पडलं होतं, ते फोडलं आणि टेबलावर ठेवलं. जुनं कार्ड शेजारीच होतं.

जुनं कार्ड करडं नव्हतं. एकटं असताना ते करडं दिसायचं. नव्याशेजारी ठेवल्यावर ते चुलीमागच्या भिंतीसारखं दिसत होतं, मळकट पिवळं. कुठं डाग नाही, कुठं बोट नाही, सगळीकडे सारखं, अगदी निगुतीनं लावल्यासारखं. मी ते नाकाशी धरलं. फोडणीचा वास आला.

मला कळायला वेळ लागला नाही, हा माझाच तर विषय आहे. पिवळ्या कार्डाला मी रोज करडं म्हणत होतो. मग कॉम्प्युटर तेवढा पिवळेपणा सगळ्या फोटोतून काढून टाकत होता, सदऱ्यातून, भिंतीतून आणि बाबांच्या डोळ्यांतून. कार्ड रोज थोडं पिवळं होत होतं आणि बाबा रोज थोडे बरे होत होते. पारशिवनीच्या त्या माणसानं निदान एकदाच हात धुतले होते. मी रोज धूत होतो.

मी बाबांना हाक मारली, स्टुलावर बसवलं आणि नव्या कार्डावर एक फोटो काढला. पहिल्या दिवशीपेक्षा ते कितीतरी जास्त पिवळे होते. डोळ्यांकडे बघवत नव्हतं. "दाखव बरं," ते म्हणाले. मी म्हणालो, कॉम्प्युटर अडकलाय. तेवढ्यात आई दारात आली. पोळ्या करून आली होती. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "आज माह्याबिगर काहून काढून राहिला? कार्ड पुसून देऊ?"

मी तिच्या पदराकडे बघत होतो. काठाजवळ, जिथं ती हात पुसते तिथं, सुती पातळाचा रंग कधीच पिवळा होऊन गेला होता. मला ओरडायचं होतं. ते कार्ड मोडून चुलीत घालायचं होतं. पण ओरडून तिला सांगणार काय होतो? की तुझ्या पदरातल्या हळदीनं बाबा बरे होत होते? स्वच्छ ठेव असं मीच तिला सांगितलं होतं, आणि तिनं माझं सांगणं जिवापाड पाळलं होतं. मी म्हणालो, "नको. झालं माझं." मग मागच्या न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडलो.

त्यानंतर मी फोटो काढणं बंद करायला हवं होतं. पण सकाळी बाबा स्टुलावर येऊन बसले आणि आई धावत आली. माझ्यासमोर दोन कार्डं होती. मी तिला जुनं दिलं.

नळी बदलायला जायचं होतं त्या दिवशी मी ऑटो बोलावला. आईला घरीच ठेवलं. बाबा आधाराशिवाय चढले, ड्रायव्हरच्या मागे सरळ बसले. ऑटोवाल्यानं समोर काचेच्या वर एक लांबट आरसा लावला होता, सवारी दिसावी म्हणून. चौकात सिग्नलला ऑटो थांबला. बाहेर ऊन लख्ख होतं. बाबा पुढे झुकले आणि म्हणाले, "आरसा जरासाक इकडं कर गा."

मी हात पुढे केला, पण काय करणार होतो? ऑटोवाल्यानं आरसा फिरवला. बाबांनी बघितलं. गाडी काढण्याआधी बघत तसंच, घाई न करता, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या. डोळ्याखालची कातडी ओढली, सोडली. "बस. राहू दे," ते म्हणाले आणि मागे टेकले.

सिग्नल सुटला. ते रस्त्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या आईले कोनता फोटू दाखवतो?"

"तुम्हाला दाखवतो तोच," मी म्हणालो.

"तोच दाखवत जाय. तिनं आरसा लपवला, तिले वाटते मले माहीत नाई." ते म्हणाले, "तो फोटू पाहून ते बाई दोन घास खाते, बापू."

मी त्यांचा हात धरला. मोठा झाल्यावर असा कधी धरला नव्हता. मी भर दिवसा, भर रस्त्यात हमसून रडत होतो आणि ते माझा हात थोपटत होते. ऑटोवाल्यानं काही न विचारता आरसा पुन्हा आपल्याकडे वळवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी स्टुलावर येऊन बसले होते. रात्रभर खाजेनं झोप नव्हती, तरी सदरा बदललेला, केस विंचरलेले. नव्या नळीनं काही होणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. आतून फोडणीचा चर्र आवाज आला, आणि पाठोपाठ आई आली. तिनं कार्ड घेतलं, पदराचा काठ हातात धरला आणि नेहमीसारखं चारी कोपरे बघत पुसायला लागली. मी कॅमेऱ्यातून बाबांकडे बघितलं. त्या उजेडात काहीच लपत नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"झालं का? बरोबर हाये?" आईनं कार्ड माझ्यापुढे धरून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अजून जरा पूस, आई."